कंट्री बूगी आणि हार्मोनिका

दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपासून १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एका विशिष्ट प्रकारच्या संगीताने मोठी लोकप्रियता मिळविली. या संगीताला 'हिलबिली बूगी' किंवा 'कंट्री बूगी' असे म्हणत. 'हिलबिली' हा शब्द मूळचा डोंगराळ भागातील गोऱ्या खेडुतांना हिणविण्यासाठी वापरला जाई. 'बूगी' हा शब्द मात्र कृष्णवर्णीयांच्या पियानोवादनातून आलेला होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी शाळा, उपाहारगृहे, आगगाडीचे डबे आणि दफनभूमीसुद्धा कायद्याने वेगवेगळी राखली जात असताना हे दोन शब्द एकत्र आले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या संगीतात गिटारला प्रमुख स्थान होते, हे सर्वमान्य आहे. परंतु त्याच्या पहिल्या काही महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिकांत गिटारच्या बरोबरीने आणखी एक वाद्य ऐकू येते. ते म्हणजे हार्मोनिका, अर्थात आपल्याकडे 'माउथ ऑर्गन' या नावाने ओळखले जाणारे, खिशात मावणारे वाद्य. पुष्कळ लोक त्याला खेळणेच समजत. संगीतकारांच्या अमेरिकन संघटनेनेही दीर्घ काळ त्याची गणना वाद्यांत केली नव्हती. अशा या वाद्याने कंट्री बूगीच्या घडणीत कोणती कामगिरी बजावली, आणि ती बजावणे त्यालाच का शक्य झाले, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

बूगीची घडण

बूगी-वूगी ही पियानोवादनाची शैली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः टेक्सस आणि त्याच्या आसपासच्या जंगलतोडीच्या छावण्यांत व रेल्वेमार्गांच्या बांधकामावरील वस्त्यांत वाढीस लागली असे मानले जाते. दिवसभर लाकूड तोडणारे किंवा रूळ टाकणारे मजूर रात्री दारूच्या गुत्त्यात जमत. तेथील गोंगाटात ऐकू जाईल आणि पायांना नाचावयास लावील असे वादन एकट्या पियानोवादकाला करावे लागे. त्यासाठी त्याने डाव्या हाताकडे मृदंगाचे काम सोपविले. डावा हात खालच्या पट्टीत एकच आकृती अखंड फिरवीत राहतो. आपल्या स्वरलिपीत सांगावयाचे तर, 'सा ग प ध कोमल नी ध प ग' अशी ती आकृती असते, आणि चार मात्रांच्या एका खंडात तिचे आठही स्वर येतात. उजवा हात त्यावर स्वैर विहार करतो.

ही आकृती बारा खंडांच्या चौकटीत बसविलेली असते. पहिले चार खंड षड्जावर, पुढील दोन मध्यमावर, नंतरचे दोन पुन्हा षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन परत षड्जावर, असा तिचा क्रम सामान्यतः असतो. आपल्याकडील तालाच्या आवर्तनाप्रमाणेच ही चौकट पुनःपुन्हा येते, आणि श्रोत्याला सम कोठे येणार याची जाणीव आपोआप होते. फरक एवढाच की, येथे आवर्तन केवळ मात्रांनी मोजले जात नाही. आधारस्वर कोणत्या क्रमाने बदलतो, यावरून ते ओळखले जाते.

१९२८ च्या डिसेंबरात पाइनटॉप स्मिथ या वादकाने शिकागोमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या रचनेमुळे 'बूगी-वूगी' हे नाव रूढ झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, २३ डिसेंबर १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड यांनी कृष्णवर्णीयांच्या संगीताचा एक मोठा कार्यक्रम घडवून आणला. अल्बर्ट अॅमन्स, मीड लक्स लुईस आणि पीट जॉन्सन या तीन पियानोवादकांनी तेथे आपली कला सादर केली, आणि त्यानंतर सबंध देशाला बूगी-वूगीचे वेड लागले. त्याच रंगमंचावर त्याच रात्री सॉनी टेरी नावाचा एक अंध हार्मोनिकावादकही बसला होता. बूगी आणि हार्मोनिका त्या रात्री शेजारी शेजारी होते. त्यांचा खरा संयोग व्हावयास अजून काही वर्षे लागावयाची होती.

गोऱ्या ग्रामीण गायकांपैकी जॉनी बारफील्ड याने १९३९ साली बूगीचे एक ध्वनिमुद्रण केले होते. परंतु खेड्यापाड्यांतून पियानो घेऊन हिंडणे शक्य नव्हते. या लोकांजवळ होती ती गिटार. पियानोच्या डाव्या हाताची आकृती गिटारच्या जाड तारांवर उतरविण्याचे काम पुढील काही वर्षांत निरनिराळ्या वादकांनी केले. दक्षिण कॅरोलिनात जन्मलेल्या आर्थर स्मिथ यांची 'गिटार बूगी' ही १९४५ ची रचना त्यांत विशेष गाजली. पियानोचा डावा हात अशा रीतीने गिटारला मिळाला. राहिला तो उजवा हात. त्याची जागा घेण्यास सारंगी-कुळातील फिडल होतेच. पण आणखीही एक वाद्य तयार होते.

जर्मन वाद्य, अमेरिकन ग्राहक

हार्मोनिका हे मुक्त पात्याचे वाद्य आहे. धातूचे एक पातळ पाते एका टोकाला जखडलेले असते आणि त्याचे दुसरे टोक खाचेत मोकळे राहते. हवा खाचेतून गेली की पाते कंप पावते व स्वर निघतो. हेच तत्त्व चीनमधील 'शेंग' या प्राचीन वाद्यात आहे आणि आपल्या बाजाच्या पेटीतही आहे. महाराष्ट्रात पेटी करणारे कारागीर या पात्यांनाच 'सूर' म्हणतात. 'जर्मन सुरांची पेटी' असा जो शब्दप्रयोग जुन्या गायकांच्या तोंडी असे, त्यावरून ही पाती बनविण्याच्या कामी जर्मनीची ख्याती किती दूर पोहोचली होती, याची कल्पना येईल.

दक्षिण जर्मनीतील ट्रॉसिंगेन या गावात माटियास होनर या घड्याळजीने १८५७ साली हार्मोनिका बनविण्यास आरंभ केला. पहिल्या वर्षी त्याच्या घरातून सुमारे ६५० नग बाहेर पडले. शतक संपण्यापूर्वीच हे उत्पादन वर्षाला दहा लाखांच्या पुढे गेले होते, आणि त्यातील मोठा भाग अमेरिकेत जात होता. १८९६ मध्ये होनरने 'मरीन बँड' हा नमुना बाजारात आणला. अमेरिकेत त्याची किंमत अर्ध्या डॉलरच्या आसपास असे. फिडल किंवा गिटार घेणे ज्याला परवडत नसे, अशा कुळाच्या मुलालाही हे वाद्य मिळू शके. ते नांगराच्या मागे चालताना खिशात ठेवता येई, पावसात फुगून त्याची तार तुटण्याचा प्रश्न नव्हता, आणि ते गोऱ्याच्या दुकानात मिळे तसेच काळ्याच्या झोपडीतही आढळे.

उलट्या श्वासाची किमया

हे वाद्य ज्या हेतूने बनविले गेले होते, त्या हेतूसाठी अमेरिकन दक्षिणेत ते वाजविले गेले नाही. ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय कंट्री बूगीतील त्याचे स्थान ध्यानात येणार नाही.

साध्या हार्मोनिकेला दहा छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राशी दोन पाती जोडलेली असतात. एक फुंकल्यावर वाजते, दुसरे श्वास आत ओढल्यावर. 'सी' या स्वराची हार्मोनिका घेतली तर कोणत्याही लगतच्या छिद्रांत फुंकल्यावर त्या स्वराचा पूर्ण संवाद, म्हणजे त्याचे सा, ग आणि प हे स्वर एकदम निघतात. श्वास ओढला की मुख्यतः पंचमाचा संवाद निघतो. जर्मन लोकगीते आणि नृत्यसंगीत यांना एवढे पुरेसे असते. गाणे फुंकेवर विसावावे आणि मध्ये मध्ये श्वासावर जावे, अशी ही योजना होती.

कृष्णवर्णीय वादकांनी ती उलटी केली. 'सी' स्वराची हार्मोनिका हाती घेऊन ते 'जी' या स्वरात वाजवू लागले. 'जी' हा षड्ज मानला की सगळाच नकाशा बदलतो. दुसऱ्या छिद्रातून श्वास ओढला की सा मिळतो, तिसऱ्यातून ग, चौथ्यातून प आणि पाचव्यातून कोमल नी. म्हणजे षड्जाचा संवाद आता श्वास ओढण्यावर आला, आणि बूगीच्या आकृतीतील तो मोहक कोमल निषाद हाताशी लागला. फुंकल्यावर मिळणारे स्वर या नव्या षड्जाच्या दृष्टीने म, ध आणि सा होतात. म्हणजे तो मध्यमाचा संवाद झाला. बारा खंडांच्या चौकटीत ज्या दोन आधारस्वरांवर बहुतेक वेळ जातो, ते दोन्ही अशा रीतीने आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासावर वाटले गेले. वादकाचा श्वासोच्छ्वास हाच चौकटीचा क्रम झाला. या पद्धतीला पुढे 'क्रॉस हार्प' असे नाव मिळाले.

तिचा दुसरा लाभ अधिकच मोलाचा होता. पहिल्यापासून सहाव्यापर्यंतच्या छिद्रांत श्वासाचे पाते फुंकेच्या पात्यापेक्षा उंच स्वराचे असते. श्वास ओढीत असताना वादकाने जीभ मागे-खाली घेऊन तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला, तर त्याच छिद्रातील दुसरे पातेही कंपनात भाग घेऊ लागते आणि स्वर हळूहळू खाली घसरतो. तिसऱ्या छिद्रातील शुद्ध ग अशा रीतीने कोमल गपर्यंत आणि त्याच्याही खाली ओढता येतो. चौथ्या छिद्रातील पंचम तीव्र मध्यमाकडे झुकविता येतो. ही सरळ सरळ मींड होय. बाजाच्या पेटीतून मींड निघत नाही, अशी तक्रार आपल्या संगीतज्ञांनी वारंवार केली आहे आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर जी बंदी घातली, तिच्या मुळाशी हा आक्षेपही होता. पेटीतील पात्याला भात्याची हवा मिळते. माणसाच्या मुखाशी त्याचा संबंध येत नाही. हार्मोनिकेचे पाते मात्र थेट मुखाशी जोडलेले असते. म्हणूनच एकाच कुळातील ही दोन वाद्ये असूनही एकाला स्वर वाकविता येतो आणि दुसऱ्याला येत नाही. कृष्णवर्णीयांच्या 'ब्लूज' गायनात गांधार, पंचम आणि निषाद किंचित उतरविण्याची जी लकब आहे, ती हुबेहूब उचलणारे स्वस्तातील वाद्य म्हणून हार्मोनिका पुढे आली.

आगगाडीचा आवाज

या वाद्यावरील सर्वांत आवडता प्रयोग म्हणजे आगगाडीची नक्कल. श्वासाच्या झटक्यांनी इंजिनाची धापा टाकण्याची लय काढावयाची, हळूहळू वेग वाढवावयाचा आणि मध्येच वाकविलेल्या स्वरसमूहातून शिटी वाजवावयाची, असा हा खेळ असे. कोल्ह्याच्या शिकारीतील कुत्र्यांच्या भुंकण्याची नक्कल हा त्याचा दुसरा प्रकार. व्हर्जिनियातील फ्राइस या गावच्या गिरणीत काम करणाऱ्या हेन्री व्हिटर या गोऱ्या वादकाने १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धातच अशा रचना ध्वनिमुद्रित केल्या होत्या. म्हणजे हे कौशल्य कोणा एका वर्णाच्या मालकीचे राहिले नव्हते.

तथापि, या प्रकाराचा सर्वश्रेष्ठ कलावंत कृष्णवर्णीय होता. टेनेसी राज्यातील डीफोर्ड बेली यांचा जन्म १८९९ मधला. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. अंथरुणाला खिळलेल्या काळात हार्मोनिका हेच त्यांचे खेळणे होते. पडल्या पडल्या आगगाडीचे, कुत्र्यांचे, कोंबड्यांचे आवाज ऐकणे आणि ते वाद्यातून काढणे हीच त्यांची शाळा झाली. १९२६ पासून ते नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या नभोवाणी केंद्रावर वाजवू लागले. १९२७ साली एका रात्री अभिजात संगीताच्या कार्यक्रमानंतर लगेच त्यांनी 'पॅन अमेरिकन ब्लूज' ही आगगाडीची रचना वाजविली. त्या वेळी निवेदक जॉर्ज हे यांनी, आतापर्यंत आपण 'ग्रँड ऑपेरा' ऐकत होता, आता 'ग्रँड ओल ऑप्री' ऐका, अशा अर्थाचा विनोद केला, आणि तेच नाव त्या कार्यक्रमाला कायमचे चिकटले असे सांगतात. ग्रामीण अमेरिकन संगीताच्या या सर्वांत प्रसिद्ध व्यासपीठाचे बारसे अशा रीतीने एका कृष्णवर्णीयाच्या हार्मोनिकावादनाच्या निमित्ताने झाले.

बेली यांचा मोबदला मात्र या कीर्तीच्या मानाने अल्प होता. दौऱ्यावर असताना गोऱ्या सहकाऱ्यांना उघडी असलेली खानावळींची व वसतिगृहांची दारे त्यांना बंद असत. १९४१ साली त्यांना ऑप्रीतून काढून टाकण्यात आले. त्या वर्षी नभोवाणी केंद्रे आणि गीतांचे हक्क सांभाळणारी संस्था यांच्यात तंटा उद्भवला होता, आणि बेली यांच्या गाजलेल्या रचना वाजविण्यास मनाई झाली होती. नव्या रचना ते शिकत नाहीत, असे त्यांच्या बाबतीत सांगण्यात आले. परंतु श्रोत्यांना त्यांच्याकडून हव्या होत्या त्या जुन्याच रचना. त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी नॅशव्हिलमध्ये बूट पॉलिश करण्याचे दुकान चालवून काढली. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २००५ साली कंट्री संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. कंट्री बूगीचा काळ सुरू झाला तेव्हा, ज्याने त्यातील हार्मोनिकेचा पाया घातला होता तो कलावंत रंगमंचावर नव्हता, ही गोष्ट या इतिहासातून वगळता येत नाही.

डेलमोर बंधू

ऑप्रीच्या दौऱ्यांवर बेली यांच्यासमवेत जे गायक असत, त्यांत ॲल्टन आणि रेबन डेलमोर हे दोन भाऊ होते. ॲल्टन यांचा जन्म १९०८ चा आणि रेबन यांचा १९१६ चा. अलाबामा राज्यातील एल्कमाँट येथे दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस पिकविणाऱ्या कुटुंबात ते वाढले. आई धार्मिक गीते रचीत असे, आणि चर्चच्या गायनवर्गात ॲल्टन स्वरलिपी शिकले. त्यांचे गाणे मृदू आवाजाचे, दोन स्वरांच्या निकट संवादाचे होते. ॲल्टन सहा तारांची गिटार वाजवीत आणि रेबन चार तारांची लहान 'टेनर' गिटार. १९३१ मध्ये त्यांनी पहिले ध्वनिमुद्रण केले आणि १९३३ ते १९३८ या काळात ते ऑप्रीतील अत्यंत लोकप्रिय गायकांपैकी होते. १९३३ च्या 'ब्राउन्स फेरी ब्लूज' या त्यांच्या गीतातून कृष्णवर्णीयांच्या ब्लूजशी त्यांची जवळीक स्पष्ट दिसते. बेली यांचे वादन त्यांनी वर्षानुवर्षे जवळून ऐकले होते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ऑप्री सोडल्यानंतर हे बंधू एका नभोवाणी केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर भटकत राहिले. युद्धकाळात ते ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरी पोहोचले. तेथे १९४३ साली सिड नेथन या दुकानदाराने 'किंग' नावाची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली होती, आणि १९४४ पासून डेलमोर बंधू तिच्यासाठी गाऊ लागले.

सिनसिनाटीची कंपनी

ही कंपनी ज्या वेळी निघाली, ती वेळ वरवर पाहता अत्यंत प्रतिकूल होती. त्या काळच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेपासून बनविलेल्या असत आणि ती लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूरच्या जंगलातील आदिवासी पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडून काढीत असलेली लाख अमेरिकेतील गाण्याचे भवितव्य ठरवीत होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. युद्धामुळे तिची आयात अडली आणि १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तिच्या वापरावर कडक निर्बंध घातले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संगीतकारांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. मोठ्या कंपन्यांनी हाती असलेला माल शहरी लोकप्रिय गायकांसाठी राखून ठेवला. ग्रामीण गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या संगीताकडे दुर्लक्ष झाले. हीच पोकळी नेथनने भरून काढली. केंटकी, टेनेसी आणि अलाबामा येथून कारखान्यांत कामाला आलेले गोरे खेडूत आणि दक्षिणेतून स्थलांतर केलेले कृष्णवर्णीय असे दोन्ही ग्राहक त्याच्या दारातच होते.

ध्वनिमुद्रिकांचा व्यापार तोवर वर्णानुसार विभागलेला होता. कृष्णवर्णीयांसाठी 'रेस' आणि गोऱ्या खेडुतांसाठी 'हिलबिली' अशा वेगळ्या याद्या निघत. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने १९४९ साली यांपैकी पहिले नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' असे केले. नेथनने मात्र दोन्ही प्रकारचे कलावंत एकाच इमारतीत आणले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने हेन्री ग्लोव्हर या कृष्णवर्णीय संगीतकाराला निर्मितीचे काम दिले. लकी मिलिंडरच्या वाद्यवृंदात तुतारी वाजविणारे ग्लोव्हर गोऱ्या ग्रामीण गायकांच्या ध्वनिमुद्रणावरही देखरेख करू लागले. त्या काळच्या अमेरिकेत ही असाधारण गोष्ट होती.

डेलमोर बंधूंनी १९४६ मध्ये किंग कंपनीसाठी 'हिलबिली बूगी' आणि 'फ्रेट ट्रेन बूगी' ही गीते गायिली. गिटारवरील बूगीची चाल, दोन भावांचे सौम्य गायन आणि मालगाडीची लय यांचे हे मिश्रण श्रोत्यांना एकदम पसंत पडले. त्यापुढील पाच-सहा वर्षांत त्यांनी 'मोबाइल बूगी', 'पॅन अमेरिकन बूगी' अशी अनेक गीते दिली. यांपैकी शेवटच्या गीताचा विषय असलेली आगगाडी म्हणजे बेली यांनी १९२७ मध्ये हार्मोनिकेवर धावविलेली तीच गाडी होय.

रेनी आणि ग्लॉसन

या ध्वनिमुद्रणांना ज्यांच्या हार्मोनिकेने रंग चढविला, ते वेन रेनी आर्कान्सा राज्यातील वुल्फ बायू या खेड्यात १९२१ साली जन्मले. पायातील व्यंगामुळे शेतीची कष्टाची कामे त्यांना झेपत नसत. लहानपणी रस्त्याच्या कडेला वाजविणाऱ्या एका वादकाला पाहून त्यांनी हार्मोनिका हाती घेतली आणि नभोवाणीवर ऐकू येणाऱ्या लॉनी ग्लॉसन यांना मनोमन गुरू मानले. ग्लॉसनही आर्कान्साचेच, त्यांचा जन्म १९०८ चा. १९३८ मध्ये हे दोघे लिटल रॉक येथील केंद्रावर एकत्र वाजवू लागले. युद्धानंतर मेंफिस येथे रेनी यांची डेलमोर बंधूंशी गाठ पडली.

रेनी यांच्या वादनाचे वैशिष्ट्य असे की, ते केवळ गाण्याच्या कडव्यांमधील रिकाम्या जागा भरीत नसत. गिटारची बूगी आकृती चालू असताना त्यांची हार्मोनिका कधी त्या आकृतीवर श्वासाच्या झटक्यांची दुसरी लय चढवी, कधी शिटीसारखा लांब स्वर वाकवीत नेई, तर कधी गायकाला प्रत्युत्तर देई. लय, सूर आणि संवाद ही तिन्ही कामे एकच माणूस करी. ढोल वापरणे ज्या संगीतात त्या वेळी शिष्टसंमत नव्हते, तेथे ही लयीची भर फार उपयोगी पडली. पियानोच्या उजव्या हाताची जागा रिकामी होती असे वर म्हटले. ती या वाद्याने घेतली आणि पियानोला अशक्य असलेली मींड तिच्यात आणली.

जुन्या आणि नव्याची सांधेजोड कशी झाली, हे १९४८ च्या 'लॉस्ट जॉन बूगी' या रेनी यांच्या ध्वनिमुद्रिकेवरून समजते. 'लॉस्ट जॉन' ही हार्मोनिकावादकांची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एकल रचना होती. तिच्याखाली बूगीची चाल घातल्याबरोबर अंगणात बसून ऐकण्याची वस्तू नाचघरातील वस्तू बनली. पुढच्याच वर्षी रेनी यांचे 'व्हाय डोन्ट यू हॉल ऑफ अँड लव्ह मी' हे गीत ग्रामीण संगीताच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. ते गाजत असतानाच नेथनने ते बुल मूस जॅक्सन या कृष्णवर्णीय गायकाकडून गाऊन घेतले आणि दुसऱ्या श्रोतृवर्गातही ते लोकप्रिय झाले.

१९४९ मधील दुसरे गीत म्हणजे 'ब्लूज स्टे अवे फ्रॉम मी'. त्याचे श्रेय ॲल्टन, रेबन, रेनी आणि ग्लोव्हर अशा चौघांना दिलेले आहे. 'हकलबक' या त्या वर्षीच्या कृष्णवर्णीयांच्या गाजलेल्या नृत्यरचनेसारखे काहीतरी ग्रामीण श्रोत्यांसाठी हवे, अशी त्यामागील प्रेरणा होती. गिटारची खालची आकृती बूगीचीच आहे, परंतु चाल संथ ठेवलेली आहे. तिच्यावर दोन भावांचे दबके आवाज आणि हार्मोनिकेचा वाकलेला, हुंदक्यासारखा स्वर. हे गीतही क्रमवारीत अग्रस्थानी गेले. तीन गोरे खेडूत आणि एक कृष्णवर्णीय संगीतकार यांनी मिळून केलेले हे काम ज्या राज्यांत सर्वाधिक ऐकले गेले, तेथे या चौघांना एका मेजावर बसून जेवण्याची परवानगी नव्हती.

रेनी आणि ग्लॉसन यांची आणखी एक कामगिरी व्यापाराच्या सदरात मोडते, पण संगीताच्या प्रसाराच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. सिनसिनाटीच्या डब्ल्यूसीकेवाय या शक्तिशाली केंद्रावरून ते हार्मोनिका वाजवीत आणि तीच टपालाने विकत. सोबत शिकण्यासाठी पुस्तिका असे. हार्मोनिकेला 'बोलावयास' लावण्याची त्यांची हातोटी, म्हणजे हाताच्या ओंजळीची उघडझाप करून लहान मूल आईला हाक मारीत असल्याचा भास निर्माण करणे, हीच त्यांची जाहिरात होती. अशा रीतीने लक्षावधी हार्मोनिका घरोघर गेल्या. त्यातील कित्येक थोड्याच दिवसांत अडगळीत पडल्या असतील. परंतु जो वाद्य विकत घेऊ शकत नव्हता किंवा ज्याला शिक्षक मिळत नव्हता, अशा मुलाच्या हाती ते पडले, हे या विक्रीचे खरे फलित होय.

अस्त आणि वारसा

कंट्री बूगीची लाट फार काळ टिकली नाही. टेनेसी अर्नी फोर्ड यांचे 'शॉटगन बूगी' १९५१ च्या आरंभी क्रमवारीत अग्रभागी होते. पण तोवर या प्रकारात ठोकळेबाजपणा येऊ लागला होता. नव्या ध्वनिमुद्रणांत विजेची गिटार आणि स्टील गिटार यांना प्राधान्य मिळाले, आणि मंद आवाजाची हार्मोनिका त्यांच्यापुढे ऐकू येईनाशी झाली. शिकागोतील कृष्णवर्णीय वादकांनी या अडचणीवर वेगळा तोडगा काढला. लिटल वॉल्टर यांनी मायक्रोफोन हार्मोनिकेसह मुठीत धरून तिचा आवाज सॅक्सोफोनसारखा भरदार केला. १९५२ ची त्यांची 'ज्यूक' ही रचना त्याचे उत्तम उदाहरण आहे. ग्रामीण वादकांनी हा मार्ग चोखाळला नाही. त्याच वर्षी, ४ डिसेंबर १९५२ रोजी, रेबन डेलमोर यांचे कर्करोगाने निधन झाले. ॲल्टन यांनी त्यानंतर अलाबामातील हंट्सव्हिल येथे आयुष्य काढले. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे अपुरे आत्मचरित्र १९७७ साली प्रसिद्ध झाले.

१९५४ पासून जे संगीत 'रॉक अँड रोल' या नावाने जगभर पसरले, त्याच्या उगमाविषयी अनेक मते आहेत. डेलमोर बंधूंच्या 'फ्रेट ट्रेन बूगी'ला काही अभ्यासक त्याचा आद्य नमुना मानतात. असे एकच उगमस्थान शोधणे बहुधा निष्फळ होय. परंतु बारा खंडांची चौकट, गिटारवरील बूगीची चाल आणि नाचास उद्युक्त करणारी लय गोऱ्या ग्रामीण तरुणांच्या कानांवर प्रथम कंट्री बूगीतूनच पडली होती, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. गंमत अशी की, १९६० च्या सुमारास स्वतः रेनी यांनी रॉक अँड रोलचा निषेध करणारे एक धार्मिक गीत गायिले. पुढे ते आर्कान्सात परतले, तेथे त्यांनी ध्वनिमुद्रिकांचा स्वतःचा व्यवसाय चालविला, आणि १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्लॉसन २००१ पर्यंत हयात होते. १९६० च्या दशकापासून चार्ली मॅकॉय यांनी नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणांत हार्मोनिकेला पुन्हा मानाचे स्थान मिळवून दिले.

या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. कायदा माणसांना वेगळे ठेवू शकला, त्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्याही वेगळ्या ठेवू शकला. पण कोणता स्वर कोणी वाकवावा, यावर त्याची सत्ता चालली नाही. श्वास उलटा घेण्याची युक्ती कृष्णवर्णीय मजुरांकडून गोऱ्या कुळांकडे गेली, ती कोणत्याही शाळेतून किंवा ग्रंथातून गेली नाही. ती रस्त्याच्या कडेने, नभोवाणीच्या लहरींवरून आणि टपालाने आलेल्या पुडक्यातून गेली. विद्या गेली, तिच्याबरोबर विद्येचे मोल मात्र सर्वांना सारखे मिळाले नाही. डीफोर्ड बेली यांचे बूट पॉलिशचे दुकान आणि रेनी यांची क्रमवारीत अग्रस्थानी असलेली ध्वनिमुद्रिका या दोन्ही गोष्टी एकाच दशकातील आहेत. कंट्री बूगीचे आनंदी, धावते संगीत ऐकताना या दोहोंचेही स्मरण ठेवणे, हेच त्या संगीताचे यथार्थ आकलन होय.